तिसरी धार

"पुन्हा दाखवा," वनिताबाई म्हणाल्या.

विंग कमांडर जगदीश सामंतांनी चहाचा कप बाजूला सरकवला. आल्या आल्या त्यांनी हलक्या आवाजात विचारलं होतं, दुखणं कसं आहे आता. "कमी आहे," एवढंच सांगून बाई चहाला लागल्या होत्या. तीन कप ओतले, एकावर बशी झाकली.

टेबलावरच्या कापडाला बाईंनी तीन चुण्या पाडल्या होत्या. त्या तीन डोंगरधारा. कळंबच्या या खिडकीतून भीमाशंकरची रांग दिसत होती, पण विमान पडलं होतं ते दूर, उत्तरेतल्या डोंगरांत.

"जेट इतकं खालून नेताना धार सरळ ओलांडत नाहीत," सामंत म्हणाले. "तिरकं यायचं. म्हणजे पलीकडे काही आडवं आलं तर वळून परत फिरता येतं. माथ्यावर विमान कुशीवर घ्यायचं, जवळजवळ उलटं करायचं आणि नाक खाली ओढायचं. नाहीतर वेगानं ते वर उसळतं आणि रडारला दिसतं."

"मी कर्जतला भौतिकशास्त्र शिकवते. हे कळतं मला. मनोजनं काय केलं ते दाखवा."

मनोज पुढच्या सीटवर होता, शिकाऊ. मागच्या सीटवर शिक्षक. मनोज गेला. शिक्षक सीटसकट बाहेर फेकला गेला आणि मणका दुखावून वाचला. चौकशीत तो "आठवत नाही" यापलीकडे बोलला नाही. विमान वळवायची स्टिक दोघांपुढेही असते, आणि ती एकाकडून दुसऱ्यानं घ्यायची तर तसं मोठ्यानं बोलून घ्यायची, असा नियम. रेकॉर्डिंगमध्ये तसं काही बोलणं नव्हतं. म्हणून समितीनं ठरवलं, स्टिक शेवटपर्यंत मनोजच्याच हातात होती, आणि त्यानं फुशारकीपायी विमान घालवलं. हवाई तळावरच्या स्मृतिशिळेवर त्याचं नाव येणार नव्हतं.

नाक्यावर गजा भाजीवाला बोलून गेला होता, "डोंगरातलं पोर. कड्यावर उड्या मारायची सवय, विमानात बी तेच केलं असंल." बाईंनी पिशवीतली भाजी त्याच्या पाटीत परत ओतली होती.

वैमानिक हातांनी बोलतात. सामंतांचा उजवा तळवा विमान झाला. पहिल्या चुणीवर तिरका आला, डावीकडे कलला, उतरला. दुसऱ्या चुणीवर तसाच. तिसऱ्या चुणीवर सरळ गेला, उजवीकडे कलला आणि टेबलावर आपटला.

"उजवीकडे?"

सामंतांनी स्वतःच्याच हाताकडे पाहिलं. "नोंद तशी आहे."

"मग तो मनोजचा हात नाही."

सामंत समजुतीच्या सुरात म्हणाले की वैमानिक कुठल्याही बाजूला कलू शकतो. बाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं.

"सुट्टीत तो याच खुर्चीत बसायचा," मग त्या म्हणाल्या. "डोळे मिटून, हातात स्टिक म्हणून आमटीचा डाव धरून. तुम्ही लोक करता तसा सराव. दर वेळी डावीकडे कलायचा. मी एकदा म्हटलं, उजवीकडे घे की रे. तर म्हणाला, 'नाय जमत, डोकं गरगरतं.' आणि तिरका आल्याशिवाय त्यानं एकही धार ओलांडली नाही. डोंगरात वाढलेला माणूस सरळ भिंतीवर जात नाही."

"म्हणजे मागच्यानं न बोलता स्टिक घेतली?"

"हो."

"कशावरून?"

"हात ओळखते मी."

सामंतांनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग आवाज आणखी खाली आणला.

"बाई, विचार करा. हे समितीपुढे बोललात तर एक माणूस आयुष्यातून उठेल. पुन्हा कधी विमानात बसणार नाही."

"मनोजही बसणार नाही."

"तुमच्या भल्यासाठी सांगतोय. निष्कर्ष आहे तसा राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही."

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

सामंतांनी टोपी हातात घेतली.

"सोमवारी मी तळावर येते," बाई म्हणाल्या. "समितीला समोर बसवा. आणि हात असाच दाखवा, आत्ता दाखवलात तसा. बदलू नका."

सामंत उठले. टोपी घातली. दारात थांबून त्यांनी बाईंना सॅल्यूट केला आणि गाडीत जाऊन बसले.

बाईंनी कापडाच्या चुण्या हातानं सपाट केल्या. झाकलेला चहा निवला होता. तो त्यांनी गरम केला नाही. कप उचलून त्यांनी आतलं दार उघडलं.

"ऊठ, अक्षय. चहा घे आणि कपडे कर. मागच्या सीटवरून स्टिक माझ्या मुलानं घेतली हे समितीला मी सांगेन. मनोजला शिकवलं मी, पण वाडीवर जाऊन त्याच्या आईला तूच सांगायचंस."