चातुर्मासाचं मौन

पुण्यात मुलगी बघायला गेलो, तर जिन्यातच माझ्या इंजिनीयर पोरानं मला अडवलं. "आई, वर तू बोलू नकोस. चातुर्मासाचं मौन आहे असं मी सांगून ठेवलंय." माझ्या वऱ्हाडी बोलीत दहा वर्षं सरपंचकी करून भल्याभल्यांना गप्प बसवणारी मी! पोराचं लग्न मोडू नये म्हणून तोंड मिटलं.

मुलीच्या आईनं पोह्यांची पहिली बशी मला दिली. "अजून व्रत पाळता! किती सोज्वळ हो! नाहीतर तुमच्याकडची माणसं काय बोलतात, कळतच नाही."

"आमच्या घरी तसं कुणी बोलत नाही," माझं रत्न नाकातून म्हणालं.

मी बशी खाली ठेवली. "मले मौन-गिऊन काही नाही, बाई. याले माह्या बोलीची लाज वाटते."

बाईंचं हसू मावळलं. मग बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक शब्द तोडत त्या मला म्हणाल्या, "पत्रिका... आणली... आहे का... तुम्ही?" घटकेपूर्वी मी सोज्वळ होते, एका वाक्यात अडाणी झाले.

त्यांना उत्तर द्यायचीही मला किळस आली. मी मुलीकडे वळले. "पोरी, आज यानं माहं तोंड बंद केलं, उद्या तुहं."

मुलीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही खरंच आईंना गप्प बसायला सांगितलंत?"

माझ्या इंजिनीयरला शुद्ध भाषेतही उत्तर सुचेना.