लुगड्याच्या चिंधीचा स्पीकर

स्पीकरमधून पुन्हा खरखर आली. सेलला तार टेकवली की ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा होता. प्रेमदासने तार बाजूला केली आणि कपाळावरचा घाम पुसला. तिसऱ्यांदा बसवलेला कागदाचा शंकू पुन्हा एका अंगाला कलला होता.

तो वर्ध्याला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. मालक ओमप्रकाश यांनी एक फाटका स्पीकर भंगारात टाकला होता. लोहचुंबक शाबूत, कागद मात्र उंदरांनी खाल्लेला. तो मागून घेऊन प्रेमदास दोन कोस चालत गावी आला होता. जाड कागदाचा नवा शंकू त्याने कापला. कड लवचीक हवी म्हणून तिला आईच्या जुन्या लुगड्याची मऊ चिंधी लावली. चहाच्या खोक्याच्या फळ्यांची बेताची पेटी केली. सगळं जमलं, शंकूच तेवढा सरळ बसेना.

त्याची बायको कमला गोधडी शिवता शिवता बघत होती.

“एकाच बाजूनं ओढून राह्यले तुमी,” ती म्हणाली. “गोधडीचा कपडा कसा चारी बाजूनं संगंच ताना लागते. सरका बरं.”

तिने बारीक बोटांनी चिंधी चहूकडून हलकेच ताणून धरली. त्याने कडेला डिंक लावला. डिंक धरेपर्यंत दोघंही हलले नाहीत. मग प्रेमदासने सेलला तार टेकवली.

टक्.

चुलीपुढे बसलेल्या त्याच्या आईने, तानाबाईने, मान वर केली. “बोलला काय रे?”

“अजून नाई, माय. नुसता खाकरला.”

हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. गावात सरकारी रेडिओ येऊन सहा महिने झाले होते. तो चावडीत असायचा, सरपंच महादेवरावांच्या ताब्यात. संध्याकाळी गावातले पुरुष आत सतरंजीवर बसून ऐकत. प्रेमदासच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांनी बाहेर ओट्याखाली उभं राहायचं, असं कोणी कधी बोललं नव्हतं. आपलं चालत आलं होतं. तानाबाईला गाण्यांची भारी हौस. पण गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यापासून ती कोणाच्या ओट्याखाली उभी राहत नसे. “गान्यासाठी मान खाली घालू काय मी?” एवढंच ती म्हणाली आणि चावडीकडे फिरकली नाही.

चावडीतून वस्तीपर्यंत तार ओढू का, असं प्रेमदासने महादेवरावांना विचारलं, तेव्हा ते आधी नाही म्हणाले. बॅटरी लवकर उतरेल म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच निरोप धाडला, ओढ म्हणावं. आपल्या बोलण्याचा गुण आला, असं प्रेमदासला वाटलं. तार जोडायला त्याला चावडीत बोलवावंच लागलं, कारण रेडिओच्या पाठीमागे काय असतं हे गावात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तो त्या सतरंजीवरून चालला.

दिवेलागणीला अंगणातल्या पाटावर पेटी ठेवली. ती जराशी गुरगुरली आणि तिच्यातून एक बाई जात्यावरचं गाणं म्हणू लागली. वस्तीतल्या बाया चटईवर दाटीवाटीने बसल्या. तानाबाईचा उजवा हात मांडीवर आपोआप गोल फिरत होता, पीठ दळत असल्यासारखा. प्रेमदास गाणं ऐकतच नव्हता. तो तिच्या हाताकडे बघत होता.

तेवढ्यात कुंपणापाशी कोणी तरी येऊन थांबलं. डोईवरून पदर घेतलेली, हातात कंदील. सरपंचांची बायको, सुलोचनाबाई. बायांची कुजबुज थांबली. दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या.

“उठू नका वं,” सुलोचनाबाई म्हणाली. “तार तोडाले नाई आलो मी.” ती जरा अडखळली. “सहा महिने झाले, रेडूत काय आलं ते आमचे मालक रोज घरी येऊन सांगतेत. म्या काई तो आयकला नाई. चावडीत बाया कुठी जातेत? तार ओढू द्या म्हनून दोन दिवस मीच त्याइच्या मागं लागलो होतो.”

प्रेमदास तिच्याकडे बघतच राहिला. तानाबाई मात्र चटईवर हातभर सरकली. सुलोचनाबाईने कंदील बारीक केला आणि तिला लागून बसली.

दुसरं गाणं सुरू झालं, आणि महादेवराव बायकोला शोधत आले. चटईवरची दाटी बघून ते कुंपणापाशीच थबकले. आता तार जाणार, असं प्रेमदासला वाटलं.

“घरी चाल,” महादेवराव हळू आवाजात म्हणाले.

“गानं सरलं का येतो,” सुलोचनाबाई म्हणाली. ती उठली नाही.

महादेवराव परतले नाहीत आणि आतही आले नाहीत. कुंपणाच्या काठीवर हात ठेवून तसेच राहिले. पेटीतली बाई गातच होती. तानाबाईने गाण्याचं एक कडवं होऊ दिलं. मग ती वळली.

“महादेवराव, उभे काऊन?” ती म्हणाली. “आमच्या दारी कोनाले उभ्यानं आयका लागत नाई. या, बसा.”

महादेवरावांनी वाटेवर दोन्हीकडे नजर टाकली. मग वहाणा काढल्या आणि ते येऊन प्रेमदासच्या शेजारी बसले.