भानुमतीची बग्गी

हरेशने ड्रिल मशीन उचललं, तशी भानुमतीने प्लग उपटून मुठीत धरला.

"आये, ही गाडी आहे, होडी नाही. तळाला भोकं लागतात. पावसाचं पाणी जाणार कुठून?"

"उपसून काढेन. पण तळाला भोक असलेली वस्तू माझ्या अंगणातून बाहेर जाणार नाही."

उभा जन्म तिने फायबरच्या होड्या सांधल्या होत्या. नवऱ्याच्या मागे उरलेली, वाळूवर पळवायची ही जुनी उघडी बग्गीही तिने तशीच सांधली. रेझिनमध्ये भिजवलेली फायबरची मॅट थरावर थर बसवली आणि तळाचं प्रत्येक भोक बुजवून टाकलं. इंजिन तेवढं लेकाने मागे, बाहेरच्या अंगाला बसवलं. गाव हसलं. म्हणे, नाखवीण आता टबात बसून फिरणार.

पहिल्याच फेरीला खाडीच्या तोंडाशी चाकं मऊ वाळूत रुतली. भरती चढत होती. पाणी इंजिनात शिरलं आणि ते गचकन बंद पडलं. काठावरून लोक ओरडू लागले, "उतरा, गाडी सोडा." हरेश पाय वर घेऊन उडी मारायच्या बेतात होता. भानुमतीने त्याचं मनगट धरलं.

"बस गप."

पुढच्या लाटेसरशी चाकं वाळूतून सुटली. बग्गी डुलली, मागच्या अंगाला जराशी दबली आणि तरंगू लागली.

"पाय खाली सोड, कोरडं आहे," म्हणत तिने सीटमागून वल्हं काढलं आणि लेकाच्या हातात दिलं.