खालचा सूर

पडद्यावरची बाई सकाळपासून रडत होती आणि मास्तर तिला सारखं मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून रडायला लावत होते.

मालिकावाल्यांत त्यांना रडूमास्तर म्हणत. कोणी मेलं, कोणाची ताटातूट झाली, कोणी अंधाऱ्या खिडकीशी नुसतं उभं राहिलं, तरी त्याच्याखाली वाजणारं संगीत मास्तरांचं. हसरं काम त्यांना कधी कोणी दिलं नाही, आणि आता तर ते मागायचाही कंटाळा आला होता. त्यांच्या सुरांवर घरोघरी पदर ओले होत. त्यांना स्वतःला मात्र अलीकडे फक्त जांभया येत.

या बाईच्या रडण्यासाठी केलेला तुकडा दिग्दर्शकाने दोनदा परत पाठवला होता. गोड आहे म्हणाला, पण पोटात तुटत नाही. रात्री भाग दाखवायचा होता, म्हणजे संध्याकाळच्या आत पोटात तुटायला हवं होतं. मास्तरांनी खर्जात एक सूर दाबून धरला, मान हलवली, सोडून दिला. बोटंसुद्धा त्याच त्या जागी जाऊन बसत होती, गिरणीत जाणाऱ्या माणसासारखी.

दार ढकलून मुलगी आत आली. आवाज आत येऊ नये म्हणून त्या दाराला जुनी गादी ठोकलेली होती, त्यामुळे ते ढकलायला जोर लागायचा. तिने चहाचा कप कीबोर्डच्या पट्ट्यांच्या शेजारी ठेवला आणि नेहमीसारखी परत न जाता स्टुलावर बसली.

थोडे दिवस राहते, असं सांगून ती सासरहून आली होती. मोठी बॅग घेऊन. बायकोने तिला सरळ विचारून पाहिलं, आडून विचारून पाहिलं. पोरगी हूं की चूं करेना. शेवटी आज सकाळी बायको मास्तरांना म्हणाली, आता तुम्हीच विचारा, लहानपणापासून ती तुमचीच. मास्तर म्हणाले, एवढा तुकडा जाऊ दे, मग विचारतो.

पण ती आपणहूनच आली होती. आपणहून बोलायला लागली. मास्तरांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकवला, दुसऱ्यावरचा तसाच राहिला. डोळे पडद्यावर. हं, हं, म्हणत होते. तिकडे भांडण असं काही नव्हतं, ती सांगत होती. मारहाण नाही, दारू नाही. सांगायला गेलं तर काहीच नाही, म्हणून तर सांगता येत नव्हतं.

"मी बॅग घेऊन दारात उभी होते, बाबा," ती म्हणाली. "तो मोबाइलमध्ये बघत होता. मान वर न करता म्हणाला, जाताना पंखा बंद कर."

शेवटच्या शब्दांशी तिचा आवाज किंचित खाली घसरला. हुंदका नाही, कंप नाही. हातातलं ओझं जमिनीवर टेकवावं, तसा उतरला. मास्तरांची पाठ ताठ झाली.

"परत म्हण," ते म्हणाले.

कोणीतरी आपलं बोलणं पुन्हा ऐकू पाहतंय, याचंच तिला बरं वाटलं असावं. तिने सगळं परत सांगितलं. दार, बॅग, मोबाइल. आवाज पुन्हा त्याच जागी उतरला आणि मास्तरांचा डावा हात त्याच्याबरोबर उतरला. खर्ज, मग त्याच्या जरा वरचा सूर, मग काहीच नाही. पडद्यावरची बाई त्या सुरांवर वळली आणि पहिल्यांदाच खरी वाटली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या घटकेला मनात मुलगीच नव्हती, हे मात्र वाईट होतं.

ती गप्प झाली तेव्हा त्यांना कळलं, की आपण वाजवतो आहोत. त्यांनी हात पट्ट्यांवरून उचलला, पण कुठे ठेवावा ते सुचेना. भलतीच शरम वाटली.

मुलगी याच घरात वाढलेली होती. तिला समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. चष्मा सापडला का विचारावं, तसं तिने विचारलं, "मिळालं?"

खोटं बोलावं असं त्यांना फार वाटलं. "मिळालं," ते म्हणाले.

"मग आता ऐका."

फोन थरथरायला लागला, दिग्दर्शकाचा होता. मास्तरांनी तो उचलला नाही. दुसऱ्या कानावरचा हेडफोन काढला, खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे बघितलं. ती आल्यापासून पहिल्यांदाच, नीट. तिचे डोळे कोरडे होते. ती रडत नव्हतीच. नुसती दमली होती, पार दमून गेली होती. आणि अशा दमण्याखाली काय वाजवतात, ते मास्तरांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं.