पितळी घंटा

"आईला त्या पबात नेलंस, तर घंटेपासून लांब ठेव," असं नवऱ्याने बजावलं होतं. मी म्हटलं, "त्या काय कुक्कुलं बाळ आहेत?"

पण इंग्लंडमधल्या त्या एवढ्याशा गावात बाळाचं डायपर बदलायला दुसरी जागाच नव्हती. आत लाकडी पिंपांतली बिअर आणि सायडर, छताला टांगलेल्या जुन्या किटल्या आणि काउंटरवर पितळी घंटा. मी बाळाकडे वळले, तेवढ्यात सासूबाईंनी बूट काढून, हात जोडून घंटा वाजवली.

सगळा पब ओरडला. मालक म्हणाला, "घंटा वाजवणाऱ्याने सगळ्यांना पाजायचं, नाहीतर गायचं!" मी घाबरत मराठीत सांगितलं. महिनाभर घरात गप्प बसलेल्या सासूबाईंनी खड्या आवाजात गौळण धरली. म्हाताऱ्यांनी टेबलं बडवली. खूश होऊन मालकाने "ॲपल, ॲपल" म्हणत सायडरचा ग्लास पुढे केला.

"अहो आई, त्यात..."

"फळच आहे ना? चतुर्थीला चालतं. तू रडक्याला घरी ने!"

त्या अजून तिथेच आहेत. तुम्ही त्या बाजूला असाल, तर जरा पबात डोकावून बघता का? सायडर म्हणजे दारू, हे त्यांना सांगू नका. फक्त घंटेपासून लांब ठेवा.