मुरलेलं

सुनेनं पातेलं कचऱ्याच्या डब्यावर उपडं केलं आणि बुडावर दोन चापट्या मारल्या. घट्ट झालेली भाजी धप्पकन खाली पडली. खिडकीशी वाटाणे सोलत बसलेल्या सासूच्या काळजातही तसंच काहीतरी धप्प झालं.

"कालची का गं ती?"

"हो आई. परवाची आधीच गेली."

सासू पाहुणी म्हणून लेकाकडे आली होती. पाहुणीनं दुसऱ्याच्या डब्यात डोकावू नये, एवढी अक्कल तिला होती. पण जीभ तिखट, आणि ती आवरायची म्हणजे तिला फार कष्ट पडायचे.

"डबा चांगला धष्टपुष्ट आहे हो तुमचा," ती म्हणाली. "घरातली माणसं तेवढी काटकुळी."

सून दिवसभर कापडाच्या दुकानात उभी असायची आणि घरी आली की शेगडीपुढे उभी राहायची. कारण नवऱ्याला मुरलेलं हवं होतं. त्याच्या आईच्या हातचं. लग्न झाल्यापासून तो त्याचंच कौतुक गात आला होता. कारखान्यातल्या सोबत्यांना सांगून झालं होतं. सुनेच्या माहेरी भर पंगतीत सांगून त्यानं त्यांच्या तोंडची चव घालवली होती. सून बिचारी रोज नव्यानं शिजवायची. कधी भात जास्त, कधी डाळ, कधी पावाचा चुरा.

तो सांगायचा ते खोटं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, भावंडं चार, थंडीनं पांढरी झालेली खिडकीची काच. सकाळी कढईत काहीतरी चुरचुरायला लागायचं आणि आई हाक मारायची, "मुरलेलं आहे रे!" की चारही डोकी एकदम पांघरुणाबाहेर. भात, डाळ, भाजी, पावाचे तुकडे, सगळं एकमेकांत असं मुरून गेलेलं की कुठलं काय ते ओळखू येऊ नये. कडेला खरपूस खरवड. त्या खरवडीपायी भावंडांनी एकमेकांचे केस उपटले होते. ते रोज मिळायचं नाही. "उद्यापण कर ना गं," असा हट्ट केला की आई कढई घासता घासता म्हणायची, "ते करायचं नसतं. झालं तर होतं."

शेजारणी कृती विचारायला यायच्या. ती मान ताठ करायची. "माझ्या हाताला आहे ते. तुम्हाला नाही जमायचं." गल्लीत मिरवावं असं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. एवढं एकच होतं, आणि ते तिनं जन्मभर झाकून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळीही लेकानं दोन घास खाल्ले आणि ताट जरा पुढे सरकवलं.

"छान झालंय. पण मुरलेलं नाही हे." मग बायकोला म्हणाला, "उरेल ते टाकून दे. शिळं कुणी खायचं नाही. आमच्या घरात तो शब्दसुद्धा कधी आला नाही. हो ना गं आई?"

"नाही आला," आई म्हणाली.

अगदी खरं होतं. शब्द तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता.

लेक उठून गेल्यावर सून जवळ येऊन बसली. "आई, सांगा ना एकदाचं. माझं चुकतंय तरी काय?"

"काही चुकत नाही. त्याला हात लागतो."

"मग हात तेवढा ठेवून जा इथं. बाकीच्या तुम्ही गेलात तरी चालेल."

सासूला हसू फुटलं. पोरीची जीभ चांगली होती. घराण्याला शोभेलशी. पण कृती काही तिनं सांगितली नाही. सून उसासा टाकून उठली. पातेलं उचललं, पायानं डब्याचं झाकण उघडलं.

"ठेव खाली ते."

"अहो, पण हे आत्ताच म्हणाले ना..."

"ऐकलं मी. त्याला मी जन्म दिलाय, त्यानं मला नाही. झाकून ठेव आणि झोप जा."

सकाळी घरभर वास सुटला. लेक तोंडात ब्रश तसाच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. चूळ भरून खुर्ची ओढेपर्यंतही त्याला धीर निघेना. पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे मिटले. डोक्यावरचे केस पिकायला लागलेला तो बाप्या क्षणभर पांघरुणातून डोकं काढणारं पोर झाला. चमच्यानं त्यानं कढईची कड खरवडली, मग बोटानं.

"हेच! आई, हेच ते!" तो बायकोकडे वळला. "बघितलंस? याला म्हणतात हात. शिकून घे जरा."

सुनेनं मान फिरवली आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला घेतला.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. हात हातच राहिला असता. आणखी दहा घरांत कौतुक झालं असतं. शेजारणी कधीच्या गेल्या, पण त्यांच्यापुढे ताठ केलेली मान अजून तशीच होती.

सून पाठमोरीच होती. "काय घातलंत हो आई? एवढं तरी सांगा."

सासूनं लेकाकडे पाहिलं. तो बोट चाटत होता. मग तिची नजर कोपऱ्यातल्या डब्यावर गेली. आज तो उपाशी होता.

"भाजी तुझीच गं, कालची," ती म्हणाली. "मी फक्त एक रात्र घातली."