कमलाबाईंचा प्रश्न

दार प्रफुल्लने उघडलं आणि वाकून पद्माकर रिसबूडांच्या पायाला हात लावला. रिसबूडांनी नेहमीप्रमाणे त्याला अर्ध्यातच उचललं.

"आई कशी आहे?"

"डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, सर. आता बस, थोडे दिवस. पण बिल्कुल शुद्धीत आहे. सकाळपासून तुमचंच नाव घेतेय."

मयूर विहारातला तिसरा मजला, लिफ्ट बंद. सत्तराव्या वर्षी रिसबूड तीन जिने चढून आले होते. ते एका मोठ्या वीज कंपनीचे माजी अध्यक्ष. ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागले आणि पार वरच्या खुर्चीपर्यंत पोहोचले. बरोबरीच्यांनी फार्महाऊस बांधली. यांनी लाइनमनच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं, भाजलेल्या कामगारांसाठी वॉर्ड बांधून दिला. दिल्लीतल्या मराठी मंडळींनी सत्काराचं नाव काढलं की हे नेमके आजारी पडत. लोक म्हणत, काय हा विनय.

वसतिगृहाचा पहिला विद्यार्थी प्रफुल्ल. त्याचे वडील बळवंत रिसबूडांच्या हाताखाली लाइनमन होते. गाझियाबादजवळ अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर शॉक लागून ते गेले, तेव्हा प्रफुल्ल तीन वर्षांचा होता. रिसबूडांनी धावपळ करून त्याच्या आईला, कमलाबाईंना, कंपनीतच नोकरी लावून दिली होती.

कमलाबाई बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पलंगावर पडून होत्या. अंगात काही उरलं नव्हतं.

"प्रफुल्ल, साहेबांना चहा टाक," त्या म्हणाल्या. तो आत गेल्यावर त्यांनी आवाज आणखी उतरवला. "साहेब, एक विचारायचंय. अडतीस वर्षं हिंमत झाली नाही."

"विचारा."

"ते मुद्दाम चढले ना?"

रिसबूडांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"त्या सकाळी आमचं भांडण झालं. मी म्हटलं, असल्या संसारापेक्षा विधवा झालेली बरी. दुपारी निरोप आला." त्या थोडं थांबल्या. "लाइन बंद केल्याचा साहेबांच्या सहीचा कागद, ते परमिट, खिशात असल्याशिवाय हे खांबाला हात लावायचे नाहीत. नव्या पोरांना त्यावरून शिव्या द्यायचे. आणि त्या दिवशी खिशात नुसतं विडीचं बंडल निघालं. म्हणजे लाइन चालू आहे हे माहीत असून चढले. माझ्या शब्दावरून."

"रिपोर्टात अपघात लिहिलाय, कमलाबाई."

"तुम्ही लिहिलात. दया केलीत. जीव दिला असं लिहिलं असतं, तर मला नोकरी कोण देणार होतं? पोराला लोक काय काय बोलले असते. तुमचे उपकार आहेत, साहेब. पण आता मी चाललेच, आता खरं सांगा. माझ्यामुळेच ना?"

या बाई कुणाला वाकडं बोलल्याचं ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं. निरोप समारंभात त्यांच्या गोड स्वभावाचं कौतुक झालं होतं. शब्दाने माणूस मरतो अशी त्यांची खात्री झाली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रिसबूडांनाही नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. आत स्वयंपाकघरात कप वाजत होते.

त्यांनी कमलाबाईंचा हात हातात घेतला.

"झालं ते झालं. बळवंतचा तुमच्यावर राग नसणार. तुम्हीही आता स्वतःला माफ करा."

"म्हणजे माझ्यामुळेच."

रिसबूड हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. कमलाबाईंनी मान भिंतीकडे वळवली.

"बरं झालं, एकदाचं कळलं," त्या म्हणाल्या.

रिसबूडांनी उभ्याउभ्याच चहा घेतला. प्रफुल्ल त्यांना खालपर्यंत सोडायला आला.

"तुम्ही आलात की आईला शांत वाटतं, सर," तो म्हणाला.

रिसबूडांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते गाडीत बसले.

अडतीस वर्षांपूर्वी बळवंतच्या प्रेताजवळ सगळ्यात आधी पोहोचला होता तो ज्युनिअर इंजिनिअर पद्माकर रिसबूड, आणि बाकीचे यायच्या आत त्याने मेलेल्या माणसाच्या खिशातून परमिट काढून घेतलं होतं, लाइन बंद केल्याचं, खाली त्याची स्वतःची सही असलेलं.